वाणात आलेल्या गोळ्या

माझ्या हृदयाचा ताल चुकतोय हे कळलं तेव्हा भीतीच्या आधी मला कुतूहल वाटलं. डॉक्टर ईसीजीचा कागद बघून गंभीर झाले होते आणि मी त्यांना विचारत होते, "म्हणजे दोन ठोक्यांमधलं अंतर दरवेळी वेगळं? अजिबात एकसारखं नाही?" त्यांनी माझ्या नवऱ्याकडे बघितलं. "यांचा स्वभाव असाच आहे का?" नवरा म्हणाला, "पहिल्यापासून."

घरी आल्यावर मी मनगटावर बोटं ठेवून बसले. पुढचा ठोका कधी येईल याचा अंदाज बांधायचा, तो चुकला की पुन्हा बांधायचा, असा माझा खेळ सुरू झाला. दोन पटापट यायचे, मग एक रेंगाळायचा, मग तीन-चार एकदम घाईनं. मी सगळी नोकरी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवण्यात घालवली. कुठल्याही गोंधळात काहीतरी नियम असतोच, अशी माझी समजूत. या गोंधळात तो सापडेना, आणि राग येण्याऐवजी मला मजा वाटायला लागली. नवऱ्याला मात्र मी टीव्हीसमोर मनगट धरून बसलेली अजिबात आवडायची नाही.

या मजेला एक मर्यादा होती, ती म्हणजे माझी थोरली बहीण. अक्का गंगापूरला दिलेली. आमचं माहेर पाचोडकडचं. लहानपणी आम्हा दोघींना एकाच हिवाळ्यात सांधे सुजवणारा ताप आला होता. आईनं निरगुडीच्या पाल्यानं गुडघे शेकले, ताप उतरला आणि घरातले सगळे तो विसरून गेले. ताप मात्र आम्हाला विसरला नव्हता. त्यानं दोघींच्या हृदयातली एकेक झडप आखडून ठेवली होती. साठीच्या अलीकडेच अक्काचा ताल बिघडला, पण तिला ते कुणी सांगितलं नाही. "छातीत लई धडधडतंय गं," एवढं ती फोनवर म्हणायची आणि कामाला लागायची. हृदयाच्या थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचलं, साचलेल्या रक्ताची गाठ झाली आणि ती गाठ एका सकाळी थेट मेंदूत जाऊन बसली. उजवा हात लुळा पडला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. पण तोंडातून आपणहून येतं ते व्हय, नाय, चहा आणि नातवाला उद्देशून एक शिवी, तीही अगदी खणखणीत. बाजारात जिच्याशी भाव करताना माणसं वचकून असायची, ती बाई चार शब्दांवर आली.

त्यामुळे माझ्याही हृदयाचं तेच निघालं तेव्हा मला मरणाची नाही, मुकं होण्याची भीती वाटली. मी बोलून पोट भरलेली बाई. नवऱ्याशी भांडायला, भाजीवाल्याला सुनवायला, नातीला गोष्ट सांगायला शब्द नसतील तर माझ्यात उरतं काय, असा विचार यायचा.

डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवायची गोळी दिली. नव्या प्रकारच्या गोळ्या माझ्या आखडलेल्या झडपेला चालत नाहीत म्हणाले, म्हणून ही जुनीच. हिचं एक बरं नसतं. हिच्यावर खाण्यापिण्याचा फार परिणाम होतो. दर महिन्याला रक्त तपासायचं आणि एक आकडा दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. तो खाली गेला तर गाठ होण्याची भीती, वर गेला तर रक्तस्रावाची. पालेभाज्यांमध्ये के जीवनसत्त्व असतं, ते या गोळीच्या विरुद्ध काम करतं. "पालेभाजी सोडू नका," डॉक्टर म्हणाले, "पण रोज साधारण सारखीच खा. आणि घरात जी काही गोळी, चूर्ण, काढा घेत असाल ते सगळं दरवेळी पिशवीत घालून मला आणून दाखवा."

पिशवीची गरज लवकरच पडली. कारण माझं दुखणं कळल्यावर आख्खी कॉलनी हात धुवून माझ्या मागं लागली. सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी एकानं अर्जुनाची साल आणून दिली. एकीनं हळदीच्या कॅप्सूल सांगितल्या. हळद आमच्या रोजच्या आमटीत असते, ती वेगळी बाटलीत भरून का खायची, हे मात्र तिला सांगता येईना. पुण्याहून मुलीनं माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या माळ. नवऱ्यानं ते पाकीट स्वयंपाकघरात येऊच दिलं नाही आणि देवघर असलेल्या घरात ठेवायला जागा नाही म्हणून स्कूटरच्या डिकीत ठेवलं. एप्रिलचं ऊन. दोन दिवसांनी उघडलं तर सगळ्या कॅप्सूल एकमेकींना चिकटून त्यांचा एक पिवळा लाडू झालेला आणि डिकीला असा वास की रेनकोट धुवायला काढावा लागला.

मी तो लाडूसुद्धा पिशवीत घालून नेला. डॉक्टर बराच वेळ हसले. मग त्यांनी एकेक वस्तू टेबलावर मांडून निवाडा दिला. माशाच्या तेलानं माझा ताल सुधारणार नव्हता, उलट जास्त घेतलं तर बिघडूही शकला असता. अर्जुनाची साल आणि हळदीच्या कॅप्सूल रक्ताच्या गोळीच्या कामात ढवळाढवळ करू शकतात, म्हणून बाजूला. रक्त तपासून बी-बारा कमी निघालं, ते त्यांनी स्वतःच लिहून दिलं. झडपेपायी लघवी वाढवणारी एक गोळी चालू होती, तिच्यामुळं मॅग्नेशियम थोडं उतरलं होतं, तेही दिलं. "जे कमी असेल ते भरून काढायचं," म्हणाले, "पण थरथरणारं हृदय ताळ्यावर आणणारी ताकदीची गोळी माझ्या माहितीत नाही. झोप, मीठ, वजन, फिरणं, यांच्याकडे बघा." मला हा माणूस आवडला. न येणाऱ्या गोष्टीला येत नाही म्हणणारे शिक्षकही मी फार थोडे बघितलेत.

बी-बारानं खरंच फरक पडला. पायांतल्या मुंग्या गेल्या, जिने चढवेनासे झाले होते ते चढता यायला लागले. मग मी प्रत्येक बाटलीच्या पाठीमागचं वाचायच्या नादाला लागले. तशी ती माझी जुनीच खोड. बिस्किटाचा पुडा असो की शाम्पू, मागचं बारीक छापलेलं वाचल्याशिवाय मी वापरत नाही. औषधाच्या दुकानात मी शिरले की दुकानदार आधीच चष्मा पुसून ठेवतो.

एवढं सांगते आहे ते पुढचं कळावं म्हणून.

संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंत आमच्या कॉलनीत हळदीकुंकवाची धामधूम असते. दर संध्याकाळी कुणाकडे ना कुणाकडे बोलावणं. कुंकू लावायचं, तिळगूळ घ्यायचा आणि वाण पदरात घेऊन यायचं. या वाणापायी माझ्या घरात चहाच्या गाळण्यांचा एवढा साठा झालाय की मी एखादी टपरी काढू शकेन. पण वाणाला नाही म्हणत नाहीत. ते परत करत नाहीत, त्याची किंमत काढत नाहीत, आणि मिळालेलं वापरायचं असतं, म्हणजे देणारीला पुण्य लागतं. माझी सासू ते वाण आधी देवाजवळ ठेवायची आणि मग वापरायला काढायची. मी तिच्याशी जन्मभर वाद घातला, पण ती गेल्यावर तिच्या सगळ्या रीती मी मुकाट्यानं चालवतेय.

यंदा समोरच्या घरातल्या सुनेनं सगळ्यांच्या पदरात एकेक पांढरी बाटली टाकली. तिनं नुकताच असल्या गोळ्यांचा व्यवसाय सुरू केला होता. "मॅडम, गाळण्या लई झाल्या," ती म्हणाली, "म्हटलं यंदा वाण आरोग्याचं लुटावं. हाडांच्या गोळ्या हायेत. रोज एक. आपल्या वयात लागतात."

मी घरी आले, बाटली देवघरात कुंकवाच्या करंड्याशेजारी ठेवली आणि दुसऱ्या दिवसापासून पूजा झाली की तीर्थ घेऊन एक गोळी घ्यायला लागले. बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू वाचणारी मी, त्या बाटलीची वाचली नाही. वाणाची कुठं तपासणी करतात?

त्या महिन्यात रक्त तपासलं तर आकडा घसरलेला. दोनच्या बराच खाली. डॉक्टरांनी विचारलं, "पालेभाजी वाढवलीत का?" मी म्हटलं, नाही. पिशवी उलटी करून दाखवली. बी-बारा, मॅग्नेशियम, बस्स. त्यांनी रक्ताच्या गोळीचं प्रमाण थोडं वाढवलं आणि आठवड्यानं पुन्हा बोलावलं.

माझ्या डोक्यात किडा शिरला. आता हे कोडं माझं होतं. थंडीचे दिवस, औरंगपुऱ्याच्या मंडईत हिरव्यागार भाज्यांचे ढीग, संशय घ्यायला जागाच जागा. पहिला आरोप हुरड्यावर. देवगाव रंगारीजवळच्या एका नातेवाइकांकडे आम्ही हुरडा खायला गेलो होतो आणि मी जरा हात सैल सोडला होता. दुसरा आरोप हरभऱ्याच्या पाल्यावर. तिसरा सरळ नवऱ्यावर, कारण थालीपिठात मेथी तो चिरतो.

"किती घातलीस?"

"मूठभर."

"कुणाची मूठ?"

त्यानं आपली मूठ माझ्यासमोर धरली आणि म्हणाला, "आता ही पण डॉक्टरकडं घेऊन जा पिशवीत."

मी वाटीनं मोजून भाजी शिजवायला लागले. हुरडा बंद, हरभऱ्याचा पाला बंद. एवढं करूनही पुढच्या तपासणीत आकडा जागचा हलला नव्हता. खरं सांगायचं तर तेव्हाही मला चिडण्यापेक्षा उत्सुकताच जास्त होती. प्रयोगशाळेत एखादं द्रावण ठरलेला रंग द्यायला तयार नसलं की मी सुट्टीची घंटा झाली तरी घरी जायची नाही, तसंच काहीसं. डॉक्टर मात्र आता हसत नव्हते. "मॅडम, हा खेळ नाही," ते म्हणाले. "तुमच्या बहिणीचं तुम्ही बघितलंय."

अक्काचं मी रोजच बघत होते. तिचं बोलणं गेल्यावर तिला शिकवायला येणाऱ्या मुलीनं सांगितलं होतं की घरातल्या वस्तू रोज दाखवा, नावं घ्यायला लावा, अडली की पहिलं अक्षर द्या. तेव्हापासून दर सकाळी चहा झाला की मी गंगापूरला व्हिडिओ कॉल लावते. तिची सून फोन ओट्यावर डब्याला टेकवून ठेवते आणि मी माझ्या स्वयंपाकघरातून एकेक वस्तू उचलून दाखवते. वाटी तिला येते. पाणी येतं. चमचा कधी येतो, कधी नाही. झाऱ्याला ती एकदा छत्री म्हणाली आणि आम्ही दोघी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. उलथनं मात्र तिला कधीच यायचं नाही. मी ते वर धरलं की तिचा चेहरा बदलायचा. "ते… ते…" करत राहायची. मी "उ… उ…" करून बघायची, आणि ती चिडून डाव्या हातानं फोनच पालथा घालायची. जन्मभर ज्यानं भाकरी उलटली त्याचंच नाव तिला सापडत नव्हतं, याचा तिला अपमान वाटत असणार. मी पण हट्टी, दर सकाळी ते दाखवायचीच.

आकडा घसरलेला होता त्याच दिवसांतली एक सकाळ. कॉल लागला, अक्का समोर होती. वाटी झाली, पाणी झालं. मी ओट्यावरून नेहमीची ती वस्तू उचलली, वर धरली आणि तोंड उघडलं.

काहीच आलं नाही.

मला माहीत होतं ते काय आहे. हातात होतं, लोखंडी, दांड्याला जळकट डाग पडलेलं. त्यानं काय करतात ते माहीत होतं, कुठून घेतलं ते माहीत होतं. फक्त नाव नव्हतं. नावाच्या जागी काहीच नव्हतं. मी "हे… हे…" म्हणाले, आणि तो आवाज मला ओळखू आला. अक्का दोन वर्षं जे म्हणत होती तेच मी म्हणत होते.

पडद्यावर अक्काचा चेहरा जवळ आला. तिनं माझ्याकडे टक लावून बघितलं. तिला कळलं. माझ्या आधी तिला कळलं. तिचे ओठ हलले.

"उ…" ती म्हणाली. "उल…"

मी ती वस्तू आणखी वर धरली.

"उलथनं!" अक्का ओरडली. "उलथनं! उलथनं!"

तिची सून आतून धावत आली. माझा नवरा देवघरातून धावत आला. अक्का तिकडं रडत होती, डाव्या हातानं पडद्यावर थापट्या मारत होती आणि तो एकच शब्द म्हणत होती. नवऱ्यानं चप्पलसुद्धा न घालता गाडी काढली.

दवाखान्यात पोचेपर्यंत माझं बोलणं ठीक झालं होतं. उलथनं, झारा, सांडशी, पळी, आठवेल ते सगळं मी रस्ताभर म्हणत गेले. डोक्याचा स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, बारीकशी गाठ येऊन विरघळली असेल, किंवा नुसताच विसर पडला असेल, ते आता कुणालाच नक्की सांगता येणार नाही. आकडा मात्र खालीच होता, म्हणून मला ठेवून घेतलं आणि रक्त पातळ करणाऱ्या सुया पोटावर टोचायला सुरुवात केली. मी पलंगावर पडून छतावरचा पंखा बघत होते आणि त्याचं नाव मनात पुन्हा पुन्हा घेत होते. कुतूहल वगैरे सगळं पळून गेलं होतं. मला फक्त भीती वाटत होती.

संध्याकाळी समोरच्या घरातली सून भेटायला आली. नारळपाणी घेऊन आली होती. माझा हात हातात घेऊन म्हणाली, "काळजी नका करू मॅडम, येईल ताकद. वाणाच्या गोळ्या चालू हायेत ना? बंद नका करू. संपल्या असतील तर मी दुसरी बाटली देते."

मी नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं माझ्याकडं. तो उठला आणि थेट घरी गेला.

त्यानं आणलेल्या बाटलीला एका बाजूनं कुंकू लागलेलं होतं. डॉक्टरांनी ती फिरवून मागचं बारीक वाचलं. कॅल्शियम, डी-थ्री, आणि त्याच्याखाली के-टू, म्हणजे के जीवनसत्त्वच. मेथीच्या मुठी मोजत मी जे शोधत होते, ते मी रोज सकाळी तीर्थाबरोबर घेत होते.

"हे पिशवीत का नव्हतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते औषध नाही ना," मी म्हटलं. "ते वाण आहे."

मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी बाटली खाली ठेवली. मग म्हणाले, "आमच्याही घरी देवाजवळ असली एक बाटली आहे. माझ्या आईला मिळालेली. तीही रक्त पातळ करायची गोळी घेते." आणि खिशातला फोन काढून ते बाहेर गेले.

समोरच्या सुनेला मी रागवणार होते, तोंडावर आलं होतं. पण तिचा चेहरा एवढासा झाला होता. तिनं त्याच रात्री कॉलनीतल्या प्रत्येकीला फोन करून विचारलं की कुणी रक्ताची गोळी घेतं का, घेत असाल तर आधी डॉक्टरला बाटली दाखवा. हाडांना त्या गोळ्या चांगल्याच असतील. माझ्या गोळीशी त्यांचं जमत नव्हतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अजून दवाखान्यातच होते. आकडा अजून दोनच्या खालीच होता. डॉक्टर म्हणाले होते, त्या गोळ्यांचा असर उतरायला वेळ लागतो, आणि वाढवलेलं प्रमाण आता सांभाळून कमी करावं लागेल. म्हणजे इतक्यात निश्चिंत व्हायचं नव्हतं. चहा आला होता, पण मी गंगापूरला फोन लावला नाही. हातात दाखवायला काही नव्हतं, आणि खरं म्हणजे धीर होत नव्हता. पुन्हा अडले तर?

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. आधी पडद्यावर नुसतं छत दिसलं, मग सुनेची बोटं, मग अक्का. केस विंचरलेले, कपाळाला कुंकू, शाळेत निघाल्यासारखी ताठ बसलेली. माझी तब्येत तिनं विचारली नाही. विचारायचे शब्द तिच्याजवळ नव्हते. तिनं डाव्या हातानं ओट्यावरून उलथनं उचललं, पडद्यासमोर धरलं आणि माझ्याकडं बघत थांबली.

शब्द होता, पण आवाज फुटेना. अक्काचा चेहरा पुन्हा पुढं आला, ओठ गोल झाले.

"उ…" ती म्हणाली.

"उलथनं," मी म्हटलं.

"व्हय," अक्का म्हणाली. तिनं ते खाली ठेवलं आणि झारा उचलला.